दया करायची म्हणजे नेमकं काय करायचं? वाचकांची पत्रं

मागच्या अंकात डोंगरावरच्या प्रवचनातल्या "जे दयाळू ते धन्य" या ओळीवर थोडं लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं की घरात, कामावर, रस्त्यावर दया करायची वेळ येते तेव्हा तुमचं नेमकं कुठे अडतं ते कळवा. पत्रं आली, मेसेज आले, दोन बायका तर रविवारी मिस्सा म्हणजे चर्चची उपासना संपल्यावर पायरीवरच भेटल्या. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही म्हणून पाच पत्रं घेतलीयत, नावं गाळून. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही, आयुष्यभर नर्सिंग केलं आणि आता धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, त्यामुळे जे सांगते ते वॉर्डातून आणि बायबलमधून आलेलं आहे एवढं धरून वाचा.

"ताई, प्रभूमध्ये सलाम. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले. ह्यांच्या चुलत भावाने तीन वर्षांपूर्वी मुलीच्या अॅडमिशनला साठ हजार नेले, सहा महिन्यात देतो म्हणाला, अजून एक रुपया आला नाही. मधे त्याने नवीन मोटरसायकल घेतली. दर रविवारी मंडळीत प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे आलं की माझा आवाज बंद होतो. पैसे सोडून द्यायचे का? आमचं पण काही फार बरं चाललेलं नाही."

ताई, आवाज बंद होतो ना, ते मला फार खरं वाटलं. कितीजण ती ओळ पाठ म्हणून पुढे जातात, तुम्ही तिथे थांबता म्हणजे तुम्ही ती प्रार्थना ऐकताय.

आता बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय काढा, त्यात तो निर्दय चाकर आहे. राजाने त्याचं दहा हजार तालांत कर्ज सोडलं आणि बाहेर येऊन त्याने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. प्रवचनात नेहमी ऐकतो की शंभर दिनार म्हणजे किरकोळ रक्कम. मला हे कधीच पटलं नाही. दिनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तेच दिलंय, म्हणजे शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची कमाई. आज मजुराला दिवसाचे सहाशे धरा, झाले साठ हजार. बरोबर तुमचीच रक्कम! येशूने मुद्दाम असा आकडा घेतला की जो गेला तर घराला खरंच खड्डा पडतो. आणि तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, तर दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. ते फिटणारच नव्हतं. पण म्हणून तुमचे साठ हजार खोटे ठरत नाहीत.

म्हणून मला वाटतं की सोडायच्या आधी हिशोब खरा मांडायचा. राजानेही आधी हिशोब घ्यायला सुरुवात केली असंच लिहिलंय, सोडलं ते नंतर. आपण काय करतो, हिशोब काढायची लाज वाटते म्हणून गप्प बसतो, त्या गप्प बसण्याला दया म्हणतो, आणि मग लग्नात त्याच्या बायकोने नवीन साडी नेसली की आपल्या तोंडून टोमणा जातोच. त्यातलं काहीच सुटलेलं नसतं.

नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट सांगते. रात्रपाळीत मी एका आजोबांचं सलाईन चुकीच्या स्पीडला सोडलं. पहाटे आमच्या सिस्टर इनचार्जच्या लक्षात आलं, पेशंटला सुदैवाने काही झालं नाही. मी रडत म्हटलं सिस्टर नका ना लिहू. त्यांनी रजिस्टर उघडून वेळ, मिलिलिटर, माझं नाव, सगळं लिहिलं. मग स्वतःच्या डब्यातली भाकरी काढून मला अर्धी दिली आणि म्हणाल्या, आता खा आणि सातपर्यंत माझ्याबरोबर राऊंड घे. त्यानंतर एकदाही, कुणासमोरही, त्यांनी तो विषय काढला नाही. लिहिलं नसतं तर मी आयुष्यभर घाबरत राहिले असते की कधी बाहेर येईल.

तर तुम्ही दोघांनी आधी घरात ठरवा की किती सोडणं खरंच जमतं. मुलांची फी थकवून कुणाचं कर्ज माफ करू नका, ती मग मुलांच्या खिशातली दया होते. मग ह्यांनी भावाला एकट्याला गाठावं, ग्रुपवर नाही, कार्यात तर अजिबात नाही, आणि आधी विचारावं की तुझं कसं चाललंय. मोटरसायकल हप्त्यावर असेल, कामासाठी लागत असेल, आपल्याला माहीत नसतं. मग स्पष्ट बोला, महिन्याला दोन हजार दे, अडीच वर्षात फिटेल. किंवा तीस दे, तीस आम्ही सोडले. किंवा जमत असेल तर सगळेच सोडले. जे काय सोडाल ते त्याला तोंडाने सांगा म्हणजे तो पण सुटेल, आज तो तुम्हाला बघून रस्ता बदलत असणार. लूकमधे परत मिळायची आशा न धरता उसने द्या असं आहे ते मला माहीत आहे, आणि म्हणूनच यापुढे कुणाला देताना गेले तरी चालतील एवढेच द्या. पण तुमच्या पैशांबद्दल विचारणं हे पाप नाही ताई. विचारा.

"मी वसईची. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. दिवसातून वीस वेळा विचारतात मला जेवायला का नाही दिलं. रात्री उठून दार उघडतात, कपडे खराब करतात. हे सगळं मी केलं असतं हो, पण मला दोन मुली झाल्या म्हणून ह्याच बाईने मला बारा वर्षं छळलंय, बाळंतपणात पेजसुद्धा मोजून दिली. परवा मी त्यांच्यावर हात उगारला. मारला नाही पण उगारला. तेव्हापासून चर्चमधे कोमुन्यो (पवित्र भाकर) घ्यायला जायला धीर होत नाही."

बाय, आधी एक ऐक. तू हात खाली घेतलास आणि ते लपवलं नाहीस, लिहून पाठवलंस. फादरांकडे जा, कुमसार म्हणजे पापाची कबुली कर, असंच सरळ सांग जसं मला सांगितलंस आणि मग कोमुन्यो घे. लांब राहून काही बरं होणार नाही.

आता हिशोब. त्यांनी तुला छळलं हे खरं आहे, आणि ते खरं नव्हतं असं स्वतःला समजावत बसू नकोस, त्याने आणखी राग येतो. सगळ्यात दुखणारी गोष्ट ही आहे की आता त्या माफी मागू शकणारच नाहीत. बारा वर्षांचं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलंय आणि तुझ्या डोक्यात मात्र पेजेची वाटी पण तशीच आहे. हे एकतर्फीच सोडावं लागणार, आणि एका दिवसात होणार नाही. आज संध्याकाळपुरतं सोडलं, उद्याचं उद्या, असं कर.

मला बायबलमधल्या दयेच्या शब्दाचा फार आधार वाटतो. एका फादरांनी आम्हाला क्लासमधे सांगितलं होतं की हिब्रूत कळवळ्याला जो शब्द आहे, रहमीम, तो गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला आहे, आणि ग्रीकमधे शुभवर्तमानात जे क्रियापद येतं ते आतड्यांवरून आलंय. लुटारूंनी रस्त्यात अर्धमेला टाकलेल्या माणसाला उचलणारा चांगला शोमरोनी, परत आलेल्या उधळ्या मुलाला जवळ घेणारा बाप आणि तो कर्ज सोडणारा राजा, तिघांनाही तोच शब्द लावलाय. आपण पण म्हणतोच की आतडं पिळवटलं, पोटात तुटलं. पण बघ, सासूच्या बाबतीत तुझं आतडं तुटत नसेल तर ते तुझं पाप नाही. आतडं आपल्या हुकमावर तुटत नाही. हात मात्र आपल्या हुकमावर चालतात. न तुटलेल्या आतड्याने पण डायपर बदलता येतो आणि ती पण दयाच आहे, देवाच्या वहीत कदाचित जास्त मोठी.

आणि नर्स म्हणून सांगते. जेवायला दिलं होतं की, असा वाद घालू नकोस, त्यांना ते पटणारच नाही आणि तुझं डोकं फिरेल. "देते हं, आधी हा घोट चहा घ्या" म्हण आणि खरंच दोन बिस्किटं हातात दे. दाराला वरच्या बाजूला कडी लाव, त्यांची नजर तिथे जाणार नाही, पण घरातल्या बाकी सगळ्यांना ती पटकन काढता आली पाहिजे. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद. आणि एखाद दिवशी एकदम जास्त गोंधळल्या, बडबडायला लागल्या, तर म्हातारपण म्हणून सोडू नका, लघवीची तपासणी करून घ्या, या वयात लघवीच्या इन्फेक्शनने असं होतं आणि औषधाने उतरतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. तुझ्या पत्रात तुझा नवरा कुठेच नाही. नणंदा आहेत का तेही नाही. आई त्यांची आहे ना? शोमरोन्याने त्या माणसाच्या जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याला दोन दिनार देऊन तो आपल्या वाटेला लागला, परत येताना उरलेलं देईन म्हणाला. सगळं स्वतःच करत तिथे बसून नाही राहिला. तर आठवड्यातले दोन दिवस नवऱ्याने रात्र काढावी, नणंदेने रविवार घ्यावा, जमत असेल तर काही तासांची बाई लावा, धर्मग्रामात संत विन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर त्यांना सांग कुणीतरी तासभर येऊन बसा. येशूसुद्धा गर्दीतून निघून एकांतात जायचा, लूकने पाचव्या अध्यायात लिहिलंय. तू पण जा, बंदरावर जाऊन बसून ये.

"प्रार्थना गटातल्या बायका म्हणतात सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर. नवरा पितो आणि मारतो. नऊ वर्षं क्षमा केली. अजून किती?"

पत्र एवढंच आहे, गाव नाही, फोन नाही, म्हणून इथेच लिहिते आणि देव करो तुझ्यापर्यंत पोचो.

ज्यांनी तुला ती ओळ सांगितली त्यांना त्याच अध्यायातल्या थोड्या वरच्या ओळी वाचायला सांग. मत्तय १८ मधेच, सातांच्या सत्तर वेळांच्या आधी, येशू सांगतो की भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याला दाखव, ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परक्यासारखा होऊ दे. म्हणजे लपवायचं कुठेच सांगितलेलं नाही. आपल्या परंपरेत दयेची चौदा कामं सांगितलीयत, सात शरीराची, सात आत्म्याची, त्यात चुकणाऱ्याला त्याची चूक दाखवणं हे पण दयेचंच काम आहे. मारणाऱ्याला मारत राहू देणं त्या यादीत मला कुठेच सापडलं नाही.

क्षमा आणि त्याच्या हाताच्या टप्प्यात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू त्याचं वाईट चिंतू नकोस, त्याच्यासाठी प्रार्थना कर, आणि दुसऱ्या घरात राहून कर. कॅथलिक असशील तर चर्चच्या कायद्यात, कॅनन ११५३ मधे, जोडीदारापासून किंवा त्याच्यामुळे मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला वाव दिलेला आहे, लग्नाचा संस्कार मोडला असं होत नाही. आणि देशाचा २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात राहत्या घरात राहायचा तुझा हक्क धरलेला आहे, संरक्षण अधिकारी असतो, कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळतो. महिला हेल्पलाइन १८१, अंगावर येत असेल तर ११२. हा मासिकाचा अंक घरात ठेवू नकोस, नंबर पाठ कर. एक शेजारीण, एक सिस्टर किंवा फादर किंवा पाळक, कुणीतरी एकजण आज निवड आणि सांग.

आणि गटातल्या बायांनो, तुम्ही प्रेमानेच म्हणता हे मला कळतं, पण पुढच्या वेळी वचन सांगायच्या आधी तिला विचारा, रात्री झोपायला आमच्याकडे येतेस का.

"सिग्नलला मुलं हात पसरतात. दिले तर धंदा वाढतो म्हणतात, नाही दिले तर दिवसभर मन खातं. मी मुंबईत रोज लोकल आणि बस करतो."

नाणं द्यायचं की नाही यावर मी नियम सांगणार नाही, मी स्वतः खायला देते, पॅकेट फोडून देते. पण नजर चुकवून समोर बघत बसू नका एवढं मात्र सांगते. त्या पोराकडे बघा, नाव विचारा, नाही म्हणायचं तर त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणा. आणि मूल एकटं, हरवलेलं, मारलेलं वाटलं तर चाइल्डलाइन १०९८, हा फोन खरंच करा.

मन खातंय ते मात्र एका नाण्याने शांत करू नका, त्याला कामाला लावा. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या मुली, विधवा, शेकडोंनी घेऊन आल्या, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे त्यांनी नुसतं अन्न वाढलं नाही, शेती, विणकाम, छपाई शिकवली, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायची सोय केली. स्वतः नवरा, आईबाप, भाऊबहीण सगळं गमावलेली बाई, आणि आईबाप गेले ते दुष्काळातच, म्हणून तिला भूक म्हणजे काय ते माहीत होतं. तुम्ही केडगाव उभारा असं मी म्हणत नाही. पण आठवड्याचे दोन तास एखाद्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाला दिलेत, किंवा एका मुलाची वर्षाची वह्या-पुस्तकं उचललीत, तर सिग्नलवरचा प्रश्न वेगळा दिसायला लागेल.

"सातारा रोडला संध्याकाळी एक बाइकवाला पडलेला दिसला, लोक लांबून बघत होते. मी गाडी स्लो केली आणि निघून गेलो, मागे मुलगा बसला होता. पोलीस, कोर्टाचे हेलपाटे हेच डोक्यात आलं. घरी आल्यावर मुलाने विचारलं, पप्पा तुम्ही संडे स्कूलमधे शोमरोन्याची गोष्ट सांगता ना?"

दादा, मुलाने विचारलं म्हणजे तुम्ही शिकवलेलं त्याच्यात रुजलंय. त्याला खरं उत्तर द्या, की मी घाबरलो. त्या गोष्टीत जखमीला टाळून पुढे गेलेले याजक आणि लेवी (मंदिराचे सेवक) पण कदाचित घाबरलेच असतील, यरुशलेम ते यरीहोचा रस्ता लुटारूंचाच होता.

तुमची भीती मला नवीन नाही. कॅज्युअल्टीत असताना किती वेळा बघितलंय, लोक स्ट्रेचरवर पेशंट टाकायचे आणि नाव न सांगता पळून जायचे, कारण आम्हीच तेव्हा त्यांना अडवून ठेवायचो, पोलीस येईपर्यंत थांबा म्हणायचो. त्यातला एकजण हातावर सुकलेलं रक्त घेऊन रात्री दोनपर्यंत बाकड्यावर बसला होता, त्याला कुणी पाणी पण विचारलं नाही, मी पण नाही. ते मला अजून आठवतं.

पण आता तसं नाही. २०१६ मधे सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या नियमांना बळ दिलं आणि २०१९ मधे मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. गंमत म्हणजे कायद्यात या माणसाला नावच गुड समॅरिटन दिलंय, म्हणजे आपला शोमरोनीच. चांगल्या हेतूने मदत केलीत तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही.

पुढच्या वेळी गाडी सुरक्षित बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा, मुलाला गाडीतच बसू द्या. १०८ ला फोन, ठिकाण नीट सांगा, किलोमीटरचा दगड किंवा हॉटेलचं नाव. रक्त येत असेल तर स्वच्छ कपडा दाबून धरा आणि सारखा उचलून बघू नका. मान, पाठ हलवू नका, आग किंवा वाहनांचा धोका असेल तरच उचला. हेल्मेट ओढून काढू नका. पाणी पाजू नका, लोक हमखास पाजतात. आणि त्याच्याशी बोलत राहा, नाव विचारा, घरी कुणाला फोन करू विचारा. शुद्धीत नसला तरी बोला, ऐकू येत असतं कधीकधी.

त्या दिवशीचा तो बाइकवाला कोण होता, त्याचं काय झालं, ते तुम्हाला कळणार नाही, त्याच्यासाठी दोघं मिळून प्रार्थना करा. आणि या रविवारी मुलाला बरोबर घेऊन डिकीत एक जुनी स्वच्छ चादर, टॉर्च आणि ग्लोव्हजचं पाकीट ठेवा, ठेवताना त्याच्याच हातून ठेवून घ्या.